एका दगडाचे दोन वेग

बाजारात मडके घेताना आपण काय करतो? ते हातात उचलतो, जरा फिरवतो आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतो. ‘ठण्ण’ असा आवाज आला की मडके नीट भाजलेले आहे, त्याला तडा नाही, हे कळते. ‘बद्द’ असा आवाज आला की आपण ते मुकाट्याने खाली ठेवतो. कुंभार त्यावर रागावत नाही. ही रीत त्यालाही ठाऊक असते. मडके फोडून पाहावे लागत नाही. आवाज आत जातो आणि आतली बातमी बाहेर घेऊन येतो.

खडकाची परीक्षा करणारे शास्त्रज्ञही हेच करतात. फरक इतकाच, की त्यांची टकटक आपल्या कानांना ऐकू येत नाही, आणि तिचा हिशेब सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत करावा लागतो.

आज आपण अशा एका खडकाची माहिती घेऊ. त्याचे नाव शेल. हा खडक मोठा चमत्कारिक आहे. एका बाजूने वाजवला तर तो एक उत्तर देतो. दुसऱ्या बाजूने वाजवला तर दुसरेच देतो. दोन्ही उत्तरे खरी असतात. पण त्यांतले एकच ऐकून जो कामाला लागेल, त्याचा खोलीचा अंदाज चुकेल, विहिरीची भिंत ढासळेल आणि पैसा पाण्यात जाईल. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

चिखलाचा दगड

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. त्यात माती असते. पाणी संथ झाले की ती माती तळाशी बसते. हाच गाळ. जगातल्या नद्यांनी असा गाळ समुद्रात आणि मोठमोठ्या सरोवरांत लाखो वर्षे नेऊन टाकला. थरावर थर साचत गेले. वरच्या थरांच्या वजनाने खालचे थर दाबले गेले. त्यांतले पाणी पिळून निघाले. होता होता त्या चिखलाचा दगड झाला. त्याचे पापुद्रे सुटतात. तोच शेल.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. तो कातळ गाळापासून झालेला नाही. जमिनीतून वर आलेला तप्त रस थंड होऊन तो झाला. म्हणून गावच्या विहिरीत शेल सहसा दिसत नाही. पण चंद्रपूर आणि वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथे कोळशाच्या थरांच्या जोडीने शेलचेही थर लागतात.

आणि एक वस्तू तर पुष्कळांच्या हातून गेलेली आहे. ती म्हणजे जुनी दगडी पाटी. शेल जमिनीत फार खोल गेला, तिथे त्याने आणखी दाब आणि उष्णता सोसली, म्हणजे त्याचा पाटीचा दगड होतो. आंध्र प्रदेशातील मार्कापूर हे गाव अशा पाट्यांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या पाटीवर आपण ‘अ आ इ’ गिरवली, ती शेलचीच थोरली बहीण म्हणायची!

कण आडवे का पडतात?

चिखलाचा कण डोळ्यांना दिसत नाही. तो इतका बारीक असतो. पण मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिला, तर तो वाळूच्या दाण्यासारखा गोल दिसत नाही. तो पत्र्याच्या चकतीसारखा चपटा असतो.

आता असे करा. पत्त्यांचा एक जोड घ्या आणि हवेत उधळा. पत्ते जमिनीवर कसे पडतील? सगळे आडवे पडतील. एकही पत्ता कडेवर उभा राहायचा नाही. चिखलाच्या चकत्यांचेही पुष्कळसे तसेच होते. त्या पाण्यातून खाली बसतात, आणि वरचे वजन वाढले की उरल्यासुरल्या तिरप्या चकत्याही आडव्या होऊ लागतात. शिवाय थरांच्या मध्ये बारीक भेगा असतात. त्याही आडव्याच असतात. काही शेलमध्ये सडलेल्या जीवांचा आणि वनस्पतींचा काळा अंश असतो. तोही आडव्या पट्ट्यांत पसरलेला असतो.

म्हणजे शेल हा पत्त्यांच्या जोडासारखा झाला. आता हाच जोड नीट जुळवून टेबलावर ठेवा. वरून तळव्याने दाबा. तो जरासा दबेल. मग तोच जोड घट्ट धरून कडेवर उभा करा आणि दाबा. आता तो ताठ लागेल. पुन्हा आडवा ठेवा. वरच्या पत्त्यावर हात ठेवून बाजूला ढकला. पत्ते एकमेकांवरून सरकतील. जोड तोच, हात तोच. पण कोणत्या दिशेने जोर लावला, त्याप्रमाणे जोडाचे वागणे बदलले.

सुतारदादांना हे नव्याने सांगायला नको. ओंडका तंतूंच्या दिशेने फोडला तर एका घावात दुभंगतो. तोच आडवा तोडायचा, तर घावावर घाव घालावे लागतात. काचेच्या गोटीला मात्र अशी दिशा नसते. ती कशीही फिरवा, सारखीच. ज्या वस्तूचे गुण सर्व दिशांना सारखे, तिला शास्त्रात ‘समदिक्’ म्हणतात. ज्या वस्तूचे गुण दिशेप्रमाणे बदलतात, ती ‘विषमदिक्’. काच समदिक्. लाकूड विषमदिक्. आणि शेल? तोही विषमदिक्.

दगडसुद्धा लवचिक?

आता तुम्ही म्हणाल, “अहो, पत्ते दबतात हे खरं, पण दगड कुठे दबतो?”

दबतो बरं का! फार थोडा, पण दबतो. आणि दाब काढला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. या गुणाला लवचिकपणा म्हणतात. रबर सहज दबते, म्हणून ते कमी ताठ. पोलाद मुश्किलीने दबते, म्हणून ते जास्त ताठ. दगडाचा ताठपणा या दोहोंच्या मधला.

ताठपणा मोजायला आवाज फार उपयोगी पडतो. वस्तू जितकी ताठ, तितका आवाज तिच्यातून जलद धावतो. वस्तू जड असली तर तो थोडा मंदावतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात सुमारे १,५०० मीटर जातो. पोलादात तर तो ५,९०० मीटरांच्या आसपास जातो. म्हणून आवाजाचा वेग आणि वस्तूचे वजन कळले, की तिचा ताठपणा गणिताने काढता येतो. वस्तू मोडावी लागत नाही.

घन वस्तूतून आवाजाच्या दोन तऱ्हेच्या लहरी जातात. तिकिटाच्या रांगेत मागच्या माणसाने धक्का दिला, की तो धक्का एकामागून एक माणसांतून पुढे सरकत जातो. ही झाली ‘धक्क्याची लहर’. दुसरी तऱ्हा दोरीची. दोरीचे एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरे टोक बाजूला झटका. वळसा पुढे धावतो, पण दोरी हलते ती बाजूला. ही ‘झटक्याची लहर’. धक्क्याची लहर जलद, झटक्याची मंद. शेलची परीक्षा दोन्ही लहरींनी करतात.

ऐकू न येणारा आवाज

माणसाच्या कानाला सेकंदात सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याहून जलद कंपनांचा आवाज असतो, पण आपल्याला तो समजत नाही. वटवाघळाला समजतो. अंधारात ते त्याच आवाजावर उडते. अशा आवाजाला ‘श्राव्यातीत’ म्हणजे ऐकण्याच्या पलीकडचा आवाज म्हणतात. दवाखान्यात पोटाची सोनोग्राफी होते, ती याच आवाजाने.

दगडासाठी असा आवाज का लागतो? आपल्या बोलण्यातला ३०० कंपनांचा एक स्वर घ्या. तो दगडातून गेला, तर त्याची एकेक लहर सुमारे १० मीटर लांबीची होईल. हातात मावणाऱ्या दगडाला एवढ्या लांब लहरीने मोजणे म्हणजे शेताच्या दोरीने तांदळाचा दाणा मोजण्यासारखे आहे. म्हणून प्रयोगशाळेत सेकंदाला सुमारे दहा लाख कंपनांचा आवाज वापरतात. त्याची लहर दगडात तीन-चार मिलिमीटरांची होते. दगडाच्या तुकड्याला ती बेताची पडते.

हा आवाज काढायचा कसा? त्याचे मूळ गारगोटीच्या जातीच्या स्फटिकांत आहे. १८८० साली पॅरिसमध्ये जाक क्यूरी आणि प्येर क्यूरी या दोघा भावांनी दाखवून दिले, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज उत्पन्न होते. पुढच्याच वर्षी उलट गोष्टही सिद्ध झाली. अशा स्फटिकाला वीज दिली की तो किंचित फुगतो किंवा आकसतो.

यातली पहिली गोष्ट आता पुष्कळ घरांत रोज घडते. गॅसची शेगडी पेटवायचा खटका असतो ना? काही खटक्यांत ना सेल, ना काडी. दाबला की ‘चट्’ करून ठिणगी पडते. आत अशाच जातीचा पदार्थ असतो. त्याच्यावर ठोका बसतो आणि वीज उत्पन्न होते.

प्रयोगशाळेत त्या पदार्थाची चपटी चकती वापरतात. तिला विजेचा अगदी क्षणभर झटका दिला की ती थरथरते. तीच थरथर म्हणजे आवाज. दगडाच्या दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी चकती असते. आवाज तिथे पोचला की ती दबते आणि वीज देते. म्हणजे एक चकती तोंड झाली आणि दुसरी कान झाली.

मोजणी कशी करतात?

पहिले काम नमुना मिळवण्याचे. तेलाची विहीर खणताना पोकळ नळीसारखे हत्यार वापरून खडकाचा लांब दांडा वर काढतात. सफरचंदाचा मधला भाग नळीने काढावा तसा. शेलचा दांडा वर आला की त्याला फार जपावे लागते. तो वाळला तर तडकतो. साधे पाणी लागले तर काही शेल फुगतात आणि चुरा होतात. म्हणून दांडा लगेच गुंडाळून मेणाने किंवा तशाच वस्तूने बंद करतात. तो कापतानाही पाण्याऐवजी तेल किंवा हवेचा झोत वापरतात.

मग त्या दांड्यातून बोटभर लांबीचे तीन गोल तुकडे काढतात. एक तुकडा थरांच्या आरपार, म्हणजे पत्त्यांच्या जोडाला वरून खाली भोक पाडावे तसा. दुसरा थरांच्या बाजूने, म्हणजे पत्त्यांना समांतर. तिसरा तिरपा, बरोबर अर्ध्या काटकोनात, म्हणजे ४५ अंशांत.

तुकड्याची दोन्ही टोके घासून सपाट करतात. दोन्ही टोकांना चकत्या लावतात. सगळे रबराच्या आवरणात घालून पोलादाच्या जाड भांड्यात ठेवतात, आणि त्यात तेल भरून दाब देतात. हा दाब कशाला? जमिनीखाली दीड हजार मीटरांवर खडकाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे साडेतीनशे किलोचा भार असतो. वर काढलेल्या दगडावरचा तो भार नाहीसा होतो आणि त्याच्या बारीक भेगा उघडतात. त्या तशाच ठेवून मोजले, तर वेग खोटा येईल. म्हणून दगडाला आधी त्याच्या घरी असल्यासारखे ठेवावे लागते. दाब हळूहळू वाढवतात. शेलमधून पाणी इतके सावकाश सरकते, की पुष्कळ वेळा दाब सगळीकडे सारखा व्हायला काही दिवस थांबावे लागते.

आता मोजणी. एका चकतीला विजेचा झटका देतात. दुसऱ्या चकतीवर आवाज पोचला की यंत्राच्या पडद्यावर रेषा उसळी मारते. मधला वेळ यंत्र सांगते. त्यातून चकत्यांमध्ये आणि तारांमध्ये गेलेला वेळ वजा करायचा. तो वेळ आधीच, चकत्या एकमेकींना भिडवून, काढून ठेवलेला असतो. उरला तो दगडाचा वेळ. मग लांबीला वेळेने भागले की वेग मिळाला. चौथीतल्या मुलाचेच गणित!

उदाहरण घ्या. तुकडा ५ सेंटिमीटर लांब आहे. थरांच्या आरपार जायला आवाजाला सुमारे १६ एकके वेळ लागला. इथे एक एकक म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्याच लांबीच्या, पण थरांच्या बाजूने कापलेल्या तुकड्यात सुमारे १३ एकके लागली. फरक फक्त तीन एककांचा. तेवढ्या वेळात डोळ्याची पापणी हलायला सुरुवातसुद्धा होत नाही. पण सगळी गोष्ट त्या फरकातच आहे.

अमेरिकेतील एक शेल

अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यात विलिस्टन नावाचा तेलाचा मोठा प्रदेश आहे. तिथल्या विहिरींतून काढलेल्या शेलची अशी मोजणी जोन्स आणि वँग या दोघा शास्त्रज्ञांनी केली आणि १९८१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतला एक नमुना सुमारे ५,००० फूट खोलीवरचा होता. त्याला ग्रीनहॉर्न शेल म्हणतात. या विषयाच्या अभ्यासात त्याचे आकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत.

धक्क्याची लहर त्या शेलमध्ये थरांच्या आरपार सेकंदाला सुमारे ३,१०० मीटर धावली. थरांच्या बाजूने ती सुमारे ३,८०० मीटर धावली.

झटक्याच्या लहरीत फरक आणखी मोठा निघाला. थर ओलांडून जाताना तिचा वेग सुमारे १,५०० मीटर. थरांच्या बाजूने जाताना, आणि थरांच्याच पातळीत हलताना, सुमारे २,१०० मीटर. आपले पत्ते आठवा. एकमेकांवरून सरकवायला सोपे. पण एकच पत्ता टेबलावर सपाट ठेवून त्याचा चौकोन तिरका करू पाहा, तो दाद देत नाही. तसेच हे.

ताठपणा काढताना वेगाला वेगानेच गुणावे लागते, आणि मग वजनाने. त्यामुळे वेगातला लहान फरक ताठपणात मोठा होतो. ग्रीनहॉर्न शेलचा धक्क्याला होणारा विरोध थरांच्या बाजूने ३४.३ आणि आरपार २२.७ भरला. म्हणजे दीडपट फरक. झटक्याला होणारा विरोध एकीकडे १०.६ आणि दुसरीकडे ५.४ भरला. म्हणजे जवळजवळ दुप्पट! दगड एकच. तरी एका दिशेने दुप्पट ताठ.

हा फरक थोडक्यात सांगायला लिऑन थॉमसेन या शास्त्रज्ञाने १९८६ साली एक सोपी रीत दिली. मोठ्या आकड्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला लहान आकड्याच्या दुपटीने भागा. आपण करून पाहू. ३४.३ मधून २२.७ गेले, राहिले ११.६. २२.७ ची दुप्पट ४५.४. भागाकार सुमारे ०.२६. झटक्याच्या लहरीचा हाच भागाकार ०.४८ येतो. काचेच्या गोटीचा हा भागाकार शून्य येईल. आकडा शून्यापासून जितका दूर, तितका दगडाचा आडवा आणि उभा स्वभाव वेगळा.

तिरपा तुकडा कशाला?

कोणी विचारील, “आडवं मोजलं, उभं मोजलं. आता तिरपं कशाला?”

प्रश्न रास्त आहे. काचेसारख्या वस्तूचा लवचिकपणा सांगायला दोन आकडे पुरतात. शेलसारख्या थरांच्या खडकाला पाच आकडे लागतात. त्यांतले चार आडव्या आणि उभ्या मोजणीतून मिळतात. पाचवा मात्र तिरप्या तुकड्याशिवाय मिळत नाही. आणि विहिरीवर काम करताना आवाज नेहमी सरळ उभा किंवा सरळ आडवा थोडाच जातो? तो पुष्कळदा तिरपाच जातो. म्हणून तो पाचवा आकडा सोडून चालत नाही.

पण तिरपी मोजणी अवघड असते. नदीत नाव घालून पलीकडे जायचे आहे, असे समजा. नावेचे तोंड समोरच्या काठाकडे सरळ आहे. तरी प्रवाह तिला बाजूला ओढतो आणि ती जरा खाली जाऊन लागते. थर तिरपे असले, की दगडातल्या आवाजाचा जोरही असाच बाजूला सरकतो. चकत्या लहान आणि तुकडा लांब असला, तर आवाजाचा बराच भाग समोरच्या चकतीला चुकतो. मग नेमका कोणता वेग मोजला, याचाच घोटाळा होतो. म्हणून चकत्यांची रुंदी आणि तुकड्याची लांबी यांचा मेळ आधी बसवावा लागतो.

आणखी एक अडचण आहे. तीन तुकडे म्हणजे तीन जागा. हातभर अंतरावर खडक थोडा बदललेला असला तर? मग जो फरक दिसला तो दिशेचा की जागेचा, हे कसे कळणार? यावर उपाय म्हणून एकाच तुकड्याच्या टोकांना आणि अंगालाही चकत्या लावून सगळ्या दिशा मोजण्याची रीत २००२ साली प्रसिद्ध झाली.

या खटपटीचा उपयोग काय?

पहिला उपयोग खोलीचा. जमिनीखाली तेल कुठे आहे, हे शोधताना वरून आवाज सोडतात आणि खालून येणारा पडसाद ऐकतात. लागलेला वेळ आणि खडकातला वेग यांवरून खोली काढतात. समजा, १,००० मीटर जाडीचा ग्रीनहॉर्नसारखा शेल आहे. सरळ खाली जायला आवाजाला सेकंदाचा सुमारे तिसरा भाग लागेल. पण हिशेबनिसाने चुकून आडवा वेग धरला, तर जाडी १,२२५ मीटरांच्या आसपास निघेल. सव्वादोनशे मीटरांची चूक! दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. तसे तीन मिनार एकावर एक ठेवावेत एवढी.

हे टोकाचे उदाहरण झाले. प्रत्यक्षात चूक याहून कमी असते, पण ती घडलेली आहे. इंग्लंड आणि नॉर्वे यांच्यामध्ये उत्तर समुद्र आहे. तिथे पडसादावरून काढलेली खोली आणि विहीर खणल्यावर मिळालेली खोली जुळत नसे. बनिक नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ साली दाखवले, की जिथे शेल आहे तिथेच हा घोटाळा दिसतो. खडकाने फसवले नव्हते. त्याचा आडवा वेग आणि उभा वेग वेगळा आहे, हेच हिशेबात धरले गेले नव्हते.

दुसरा उपयोग विहिरीच्या भिंतीचा. तेलाच्या विहिरी आता सरळच खाली जातात असे नाही. खाली जाऊन त्या तिरप्या होतात, कधी अगदी आडव्याही वळतात. शेलमध्ये अशी विहीर नेली आणि चिखलाच्या पाण्याचा दाब बेताचा ठेवला नाही, तर भिंतीचे पापुद्रे सुटतात. हत्यार आत अडकते. कधी विहीर सोडून द्यावी लागते. कोणत्या दिशेला खडक ताठ आणि कोणत्या दिशेला नरम, हे आधी माहीत असले तर दाब नीट ठरवता येतो. आणखी एक गंमत आहे. सरळ विहिरीतून आवाज मोजला तर तो थरांच्या आरपारचा वेग मिळतो. तोच शेल तिरप्या विहिरीतून मोजला तर वेग जास्त येतो. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, तो म्हणेल की खडकच बदलला!

तिसरा उपयोग झाकणाचा. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले, ते मुंबई हाय हे क्षेत्र सर्वांना माहीत आहे. तिथले तेल मुख्यतः चुनखडीच्या खडकात आहे. त्यावर शेलचे थर झाकणासारखे बसले आहेत. शेलमधून काही सहज पाझरत नाही, म्हणून तेल खाली टिकून राहिले. नॉर्वेने १९९६ साली उत्तर समुद्रात स्लाइपनर नावाच्या जागी कारखानी कर्बवायू जमिनीखाली पुरण्याचे काम सुरू केले. तिथेही वर शेलचेच झाकण आहे. वायू कुठवर पसरला, हे पडसादावरून पाहतात. तेव्हा झाकणाचा स्वभाव नीट माहीत असायला हवा.

शिवाय काही शेलमध्येच वायू भरलेला असतो. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ २०११ च्या जानेवारीत शेलमधून वायू मिळाला. असा वायू काढायला खडकात पाण्याच्या दाबाने भेगा पाडाव्या लागतात. ती भेग कुठे उघडेल आणि कुठे अडेल, हे दगडाच्या ताठपणावर पुष्कळ अवलंबून असते. यासाठी पाणी किती लागेल आणि आसपासच्या भूजलाचे काय होईल, हाही प्रश्न आहे. तो विचार करतानासुद्धा मोजलेला आकडा हाताशी असलेला बरा. अंदाजावर भांडण होते. मोजमापावर बोलणे होते.

एक सावधगिरी

प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा शेतावर नेऊ नये. बोटभर तुकड्यात मोठ्या भेगा नसतात. डोंगराएवढ्या खडकात असतात. प्रयोगशाळेत कंपने दहा लाख. जमिनीवरच्या शोधात ती सेकंदाला फक्त दहा ते शंभराच्या घरात असतात. जलद लहरीत आणि सावकाश लहरीत ओला दगड थोडा वेगळा वागतो. म्हणून जाणते लोक प्रयोगशाळेचे उत्तर विहिरीतल्या मोजणीशी ताडून पाहतात. दोन्ही जुळली की मग पुढचे पाऊल टाकतात.

एवढे ध्यानात ठेवावे. काही वस्तूंना एक आकडा पुरतो. थराथरांनी बनलेल्या वस्तूला पुरत नाही. तिच्याबद्दल कोणी आकडा सांगितला, तर लगेच पुढचा प्रश्न विचारावा: “कोणत्या दिशेने मोजला?” मोठ्या इंजिनियरलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. तो विचारायला मोठी पदवी लागत नाही. पत्त्यांचा जोड एकदा वरून आणि एकदा कडेवरून दाबून पाहिला, की तो आपोआप सुचतो.

आठवा आणि सांगा

१. चिखलाचे कण शेलमध्ये आडवे का असतात?
२. लाकूड विषमदिक् आहे, हे कशावरून कळते? तुमच्या कामातली अशी आणखी एखादी वस्तू सांगा.
३. ६ सेंटिमीटर लांबीच्या दगडातून जायला आवाजाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची २० एकके लागली. आवाजाचा वेग सेकंदाला किती मीटर?
४. दगड मोजताना त्याच्यावर दाब का देतात?
५. सरळ विहिरीत आणि तिरप्या विहिरीत एकाच शेलचे वेगळे वेग का येतात, ते शेजाऱ्याला पत्त्यांचा जोड दाखवून समजावून सांगा.